कानापर्यंत

वर्डेलच्या हातच्या वेण्या म्हणजे अमेरिकेतल्या सवाना गावात मानाची गोष्ट. दुकानात शनिवारी उभं राहायला जागा नसायची. मग संधिवाताने बोटं सुजली आणि तिने यंत्राचे हात आणले. काम शिकायला सहा महिने ते तिच्या मनगटाला जोडलेले होते. तिचं काम त्यांनी हुबेहूब उचललं, तेलाचं बोट गिऱ्हाइकाच्या मानेला पुसायची तिची वाईट खोडसुद्धा.

एक काम मात्र तिने त्यांना कधीच दाखवलं नव्हतं. बाई वारली की तिचे शेवटचे केस तिच्या वेणीवालीनेच करायचे, ही तिथल्या काळ्या बायकांची रीत. त्या कामाला वर्डेल एकटीच जाई. शवपेटीत डोकं उशीवर असतं, म्हणून वेण्या पुढून कानापर्यंतच घालायच्या, मागचे केस मोकळे सोडायचे.

मार्चमध्ये चर्चमधल्या अर्लीन मावशी खुर्चीत बसल्या. यंत्राने पुढच्या वेण्या घातल्या आणि ते कानापाशी थांबलं. काही केल्या पुढे जाईना.

"अगं बये, मला आत्ताच पेटीत घालतेस की काय!" म्हातारी खो खो हसली.

मागचं वर्डेलने स्वतः पुरं केलं. मंगळवारी मावशी गेल्या. वयच झालं होतं त्यांचं, असं वर्डेलने स्वतःला बजावलं.

एप्रिलमध्ये शाळेतल्या जॉसलिनबाई आल्या. वय चौतीस. यंत्र पुन्हा कानापाशी थांबलं. मागचं याही वेळी वर्डेलनेच केलं, पण आठवड्यात त्याही गेल्या.

दुरुस्तीवाली येऊन सगळं तपासून गेली. "बिघाड काही नाही, मावशी. तुमचे हात जे करतात, तेच हे करतंय."

मे महिन्यात वर्डेलची लेक शनीस आली. एकुलती एक, पोट नाकाशी आलेलं. सोमवारी दवाखान्यात भरती व्हायचं होतं.

"पाय बघ कसे सुजलेत. डोकं ठणकतं म्हटलं, तर डॉक्टर म्हणतो, मीठ कमी खा."

"त्याच्या डोंबलाचं मीठ! दुसरा डॉक्टर बघ."

"दुसराही तेच म्हणाला. घाल ना वेण्या. यंत्रापुढे बसू?"

"खबरदार!" वर्डेलने तार उपटली आणि यंत्रावर चादर टाकली. "माझ्या लेकीचं डोकं मीच करणार."

ती हसत बोलत राहिली. बाळाच्या नावावरून दोघी भांडल्या. बाळाने लाथ मारली. बोटांतून कळा येत होत्या, तरी वर्डेल थांबली नाही. दुपार झाली. तिने फणी धुऊन बरणीत ठेवली, तेलाचं बोट लेकीच्या मानेला पुसलं.

"झालं गं, राणी."

शनीसने मागे हात नेला.

"आई, मागचं राहिलं की!"

वर्डेलने पाहिलं. कानामागे सगळे केस मोकळेच होते.

तिने बरणीतून फणी काढली.

बोटं मिटेनात.

"दुखतात ना? राहू दे गं," शनीस म्हणाली. "तिथे उशीवरच तर पडायचंय. मागचं कोण बघतंय?"