मुरवलेलं पाणी

हौदावरचं कापड सासूबाईंनी एका हिसक्यात ओढून काढलं, आणि मांडीवरच्या दीड वर्षाच्या लेकीला दूध भरवणाऱ्या थोरल्या सुनेचा हात जागीच थांबला.

कापडानं पाणी कोंडतं, रंग मेलेला उतरतो, असं सासूबाईंचं म्हणणं. सूत रंगवायचं पाणी आठ दिवस उघड्या हौदात मुरवायचं, ही त्यांच्या सासऱ्यांपासूनची रीत. तिच्याच जोरावर त्यांनी ऐन तारुण्यातलं वैधव्य निभावलं, दोन मुलगे वाढवले. त्यांच्या हातचा लाल रंग कधी विटला नाही, आणि हे ऐकवायची संधीही त्यांनी कधी सोडली नाही.

त्याच हौदांपाशी सुताच्या लडी वाळत घालताना थोरलीला गरोदरपणी तिसऱ्या महिन्यात ताप आला होता, अंगावर पुरळ उठलं होतं. चार दिवसांत उतरलं, सगळे विसरले... मग लेक जन्मली. डोकं इतकं लहान की टोपी घालायला कुणाचा हात धजेना. हातपाय ताठ, नजर कुठेच न ठरणारी, दिवसातून पाच-सहा वेळा झटके. घट्ट केलेलं दूधही तिच्या घशाखाली मोठ्या मिनतवारीनं उतरे. सुनेच्या माहेरचा दोष, असं म्हणून सासूबाई मोकळ्या झाल्या. नातीला त्यांनी एकदाही मांडीवर घेतलं नाही.

डॉक्टरांनी थोरलीला एकटीला खरं कारण सांगितलं होतं. झिका नावाचा विषाणू, साठवलेल्या पाण्यात वाढणारे डास... पोटातच बाळाच्या मेंदूची वाढ खुंटली होती. ज्या पाण्यानं घर जगवलं त्यानंच नातीचं आयुष्य नासवलं, हे कळलं तर ही मानी बाई खचून जाईल, असं थोरलीच्या भाबड्या मनानं घेतलं. धूळ पडते अशी सबब सांगून तिनं हौदांवर कापडं बांधली, सासूबाईंनी काढली की पुन्हा बांधली, आणि माहेरचा उद्धार मुकाट्यानं ऐकून घेतला.

पण आता धाकट्या जावेला तिसरा महिना लागला होता, आणि ती त्याच हौदाच्या कडेला बसून दंडावरचा डास मारत होती.

थोरलीनं कापड परत घालायला सांगितलं. सासूबाईंनी नेहमीसारखं माहेर काढलं. मग मात्र तिनं सगळं सांगून टाकलं, आवाज न चढवता, डोळे न पुसता.

सासूबाई हौदात वाकल्या. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. पाणी मुरल्याची खूण म्हणून जन्मभर त्या या अळ्यांकडे कौतुकानं पाहत आल्या होत्या! त्यांनी धाकटीला घरात पाठवलं, एकेका हौदाचं बूच काढून पाणी सोडून दिलं, आणि थोरलीसमोर येऊन बसल्या.

"तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्हाला सोसलं नसतं, आई."

"आणि हिनं सोसायचं?" त्यांनी नातीकडे बोट केलं. "तू मला दोष दिला असतास, तर मी रडले असते... पण हिला तेव्हाच उचलून घेतलं असतं गं."

आपण सोसतो आहोत, एवढंच थोरली धरून बसली होती. त्यात लेकीची आजी हिरावली गेली, हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. तिनं लेकीला सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं, मान कशी पेलायची, चमचा गालाच्या कडेनं कसा द्यायचा ते दाखवलं. परक्या स्पर्शानं पोर ताठली, कळवळून रडली, दूध हनुवटीवरून ओघळलं. पाचव्या चमच्याला एक घोट आत गेला.

"आई, आणखी एक आहे..." थोरली कसंबसं म्हणाली. "ही फार वर्षं नाही, असं डॉक्टर म्हणालेत."

सासूबाईंनी पुढचा चमचा भरला.

"मग उद्यापासून सकाळचं दूध मी पाजणार," त्या म्हणाल्या.