एकवीस हात आणि एक मल्लखांब

"भूत आलं ना, तर मी पळणार हं. आधीच सांगून ठेवतो," मयंक कुजबुजला.

"आणि म्हणे पहिलवान होणार! चूप बेस ने," मितालीनं गुजरातीत दटावलं.

तिघं व्यायामशाळेच्या लाठ्यांच्या खोलीत दडली होती. लहरीपुरा पेठेतली दुकानं अजून उघडायची होती. फटीतून अंगणातला मल्लखांब दिसत होता आणि अहल्याची नजर त्याच्यावरून हलत नव्हती.

तिचे बाबा, सुभानराव, त्याच खांबावर मुलांना शिकवायचे. दिवाळीनंतर ते गेले आणि खांबाला कुणी हात लावला नाही. तरी रोज सकाळी तो एरंडेलानं चकाकत असायचा. 'सुभानराव येतात,' मोठी माणसं म्हणायची आणि दिवे लागले की अंगणात थांबायची नाहीत.

त्यातच अंगणात मल्लखांबाऐवजी लग्नाचा हॉल किंवा कुस्तीची तालीम बांधायची टूम निघाली. काल सभासदांनी हात वर करून कल दिला: हॉलला नऊ, कुस्तीच्या तालमीला सात, मल्लखांबाला पाच. रविवारी निर्णय पक्का होणार होता. मग खांब उपटणार.

मिताली आणि मयंक भूत पकडायला आली होती. अहल्या मात्र, ते खरंच बाबा असावेत, या आशेनं आली होती. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

मागचं दार करकरलं. पांढरं धोतर नेसलेली आकृती खांबापाशी आली, वाटीत फडकं बुडवून हळूहळू तेल चोळू लागली. मयंकनं मितालीचं मनगट आवळलं. आकृतीनं तोंड वळवलं.

ते तात्यासाहेब होते. हॉल हवा म्हणून सगळ्यात मोठ्यानं बोलणारे.

अहल्या बाहेर आली. "तुम्हीच तर हॉलला हात वर केलात."

"छप्पर गळतंय, पोरी. हॉलचं भाडं आलं तर व्यायामशाळा टिकेल," तात्यासाहेब चाचरले. "पण तेल नसलं की लाकूड तडकतं. हॉल होणार नसेल, तर हाच राहावा असं वाटतं मला."

"मग काल तसं बोलला का नाहीत?"

"विचारलं कुणी? हात एकदाच वर करायचा होता."

भुताचा उलगडा झाला होता, पण अहल्याला अंगण कधी नव्हे इतकं रिकामं वाटलं. आता खरंच कुणी येणार नव्हतं.

दिवसभर तिघांनी घरोघर जाऊन प्रत्येकाची दुसरी पसंती विचारली. संध्याकाळी ओट्यावर मयंकनं खडूनं आकडे मांडले. हॉलवाल्यांची दुसरी पसंती मल्लखांब. तालीमवाल्यांचीही तीच. मल्लखांबवाल्यांची तालीम.

"लोकसभेसारखं केलं, ज्याला जास्त मतं तो, तर हॉल," मिताली म्हणाली. "राष्ट्रपतींसारखं केलं, तर सगळ्यात मागचा आधी बाद आणि त्याची मतं दुसऱ्या पसंतीला. म्हणजे मल्लखांब बाद, तालीम जिंकली. पण दोघादोघांच्या जोड्या लावल्या, तर मल्लखांब दोघांनाही हरवतो."

"पत्युं! मिटलं काम! राष्ट्रपतींचं नावच काढायचं नाही," मयंक म्हणाला. "नागरिकशास्त्र कोण वाचतंय?"

अहल्यानं मागे वळून पाहिलं. कुणीतरी मागे श्वास रोखून उभं आहे, असं तिला वाटत होतं. ती खांबावर चढताना बाबा खाली असेच उभे राहायचे. हात लावायचे नाहीत, बोलायचे नाहीत.

रविवारी सभेत तिनं तिन्ही रीती सांगितल्या. कोणत्या रीतीनं कोण जिंकेल तेही सांगितलं. मयंकनं कपाळाला हात लावला.

तालमीसाठी हात वर केलेले धनाजीराव हाताची घडी सोडून उठले. दुसऱ्या रीतीत विजय त्यांचाच होता.

"हॉलशी एकदाही न लढता मल्लखांब बाहेर काढायचा?" ते म्हणाले. "आम्ही कुस्तीवाले. आखाड्यात जो प्रत्येकाला चीत करतो तोच पहिला. लावा जोड्या."

मल्लखांब आणि हॉल: बारा विरुद्ध नऊ. मल्लखांब आणि तालीम: चौदा विरुद्ध सात. या वेळी तात्यासाहेबांचा हात सगळ्यांत वर होता. छपरासाठी वर्गणी काढायचं तिथेच ठरलं.

"शाबास! सुभानरावांची लेक शोभतेस," तात्यासाहेब म्हणाले.

धनाजीराव तिच्याजवळ वाकले. "ती राष्ट्रपतींची रीत मला ठाऊक नव्हती. सांगितली नसतीस तर चाललं असतं की. का सांगितलीस?"

अहल्यानं खांबाच्या टोकाकडे पाहिलं.

"मग वर चढल्यावर खाली बघायची भीती वाटली असती, काका."