डाव्या बाजूच्या बांगड्या

"ओ मॅडम... ओ! अहो, मोडेल ना तो!"

भिकननं काउंटरवरून जवळजवळ उडीच मारली. समोरच्या मुलीनं हेडफोनची दोन्ही टोकं धरून तो चांगला हातभर ताणला होता आणि ती त्याच्याकडे बघतही नव्हती.

"मोडला तर बरंच," ती शांतपणे म्हणाली. "तुमच्या काउंटरवर मोडू दे. माझ्या डोक्यावर नको."

महात्मा गांधी रोडवरच्या मोबाइलच्या बाजारात, भर दुपारी, दुकानात दुसरं गिऱ्हाईक नसताना असं कुणी सुनावलं तर माणसाचं डोकं फिरावं. भिकनला हसू आलं. एरवी तो काही एवढा गोड स्वभावाचा नव्हता. पण आलं खरं.

तिनं हेडफोनचा पट्टा कानाजवळ नेऊन पिळला. "करकरतोय. बिजागरी प्लास्टिकची." मग कानावरच्या गादीचा वास घेतला. "हे रेक्झिन. दोन उन्हाळ्यांत साल निघणार."

"मॅडम, नऊशेत लोखंडी बिजागरी कुठून आणू?"

"नऊशेत, नऊशेत करू नका. नऊशेवाल्यालाही कान दोनच असतात."

तिनं वहीत काहीतरी लिहून घेतलं. अंबडच्या एका कारखान्यात ती माल तपासायची नोकरी करत होती, आणि रविवारी स्वतःच्या चॅनलवर हजाराच्या आतले हेडफोन तपासत होती. अकरा हजार माणसं ती काय म्हणते ते बघून मग खिशात हात घालत. हर्षाली तिचं नाव.

"आणि तुमचं?"

"सगळे बी.के. म्हणतात."

"म्हणजे?"

"...भिकन." त्यानं मान खाली घालूनच सांगितलं. "आजोबांचं नाव. आमच्या नामपूरला हाक मारली तर दहा भिकन ओ देतील."

"मग लाजता काय? मी भिकनच म्हणणार," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. दुकानाचे मालक मनोजशेठ आतून चहाचा कप घेऊन आले, तर त्यांचा माणूस हातात रिकामा खोका घेऊन रस्त्याकडे बघत उभा.

खरं सांगायचं तर भिकनचाही हात काही कमी नव्हता. कांद्याच्या घरात वाढलेला पोरगा. कांद्याची मान दाबून बघतात, तशी तो हेडफोनची वायर जिथं आत शिरते ती जागा अंगठ्यानं दाबायचा. तिथं मऊ लागलं की माल गेला. दुसऱ्या खेपेला त्यानं हे हर्षालीला दाखवलं, तेव्हा तिनं ते वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या. त्या दोन रेघांवर भिकननं पुढचा आठवडा काढला.

दुसरी खेप कशासाठी होती? हेडफोन परत करायला.

"डावी बाजू बसलीय. ऐका."

आवाज तपासायला तिच्याकडे स्वतःचं एक रेकॉर्डिंग होतं. तिची आई खलबत्त्यात सुंठ कुटतेय, एवढंच. उजव्या बाजूला खलबत्त्याचा जाड ठोका, डाव्या बाजूला आईच्या बांगड्यांची किणकिण. "ठोका दबका आला तर बेस नाही. बांगड्या वाजल्या नाहीत तर बारीक आवाज मेला. चाळीस सेकंदांत निकाल," ती म्हणायची. ह्या पीसमध्ये बांगड्या कुठंतरी लांब, चादरीखाली वाजतायत असं तिचं म्हणणं.

भिकननं ऐकलं. बांगड्या तर अगदी कानाशी वाजत होत्या... पण गिऱ्हाईकाशी वाद कशाला? बदलून दिला.

चार दिवसांनी ती पुन्हा आली. डावी बाजू.

तिसरा पीस देताना मात्र गंमत झाली. हर्षाली वहीत लिहीत होती. त्यानं काउंटरच्या अलीकडून हेडफोन पुढे केला, तिनं न बघता तो तसाच डोक्यावर चढवला आणि एकदम तिचा चेहरा उजळला. "हां! हा बघा! बांगड्या कशा खणखणीत! हा पीस चांगला आहे."

भिकन हसला... आणि हसता हसता थांबला. तिच्या उजव्या कानावर हेडफोनची डावी बाजू होती. तिनं तो उलटा घातला होता.

हेडफोन तिन्ही चांगले होते. बिघाड तिच्या डाव्या कानात होता.

बोलायला त्यानं तोंड उघडलंही. "मॅडम, ते..."

"काय?"

तिनं डोळे मोठे करून बघितलं. डोळ्यांत असा आनंद, की कुणाचीही जीभ अडावी. "काही नाही," तो म्हणाला. "बिल देतो."

घरी जाऊन तिनं हेडफोन सरळ घातला असणार, कारण शनिवारी ती परत हजर. आणि इथं भिकननं जे केलं, ते मी काही झाकून ठेवणार नाही. त्यानं चौथा पीस काढून दिला. मग पाचवा. रोज सकाळी ठरवायचा, आज सांगायचंच. आणि दुपारी ती पायऱ्या चढताना दिसली की वाटायचं, आज नको. सांगितलं तर ती परत कशाला येईल? ती येईल म्हणून तो इस्त्रीचे शर्ट घालायला लागला होता. आईचा फोन आला की "हाव आई, जेवनू," एवढंच गावच्या अहिराणीत म्हणून ठेवून द्यायचा. मनोजशेठ म्हणाले, "बी.के., हेडफोन बिघडलेत का तू?" महिना असा गेला.

आणि मग एका दुपारी ती तावातावानं आली. खुर्ची ओढून बसली.

"ठरलं. ह्या रविवारी व्हिडिओ टाकते. पाच पीस, पाचही डावीकडून बसलेले. कंपनीच चोर आहे. वहीतल्या पाचही नोंदी दाखवणार, आणि सगळ्यांना सांगणार, घरी घालून बघा."

भिकनला पुढचं सगळं दिसायला लागलं. अकरा हजार माणसं घरी घालून बघतील. त्यांना बांगड्या ऐकू येतील. मग ती हसतील. नऊशे रुपये जपून खर्च करणाऱ्या माणसांनी जिच्यावर विश्वास टाकला, ती पोरगी एका दिवसात चेष्टेचा विषय होईल.

"व्हिडिओ नका टाकू."

"का? कंपनीचं कमिशन खाता?"

"एकदा... उलटा घालून बघा. डावा उजव्या कानावर."

"त्यानं काय होणार?"

"बघा ना. माझ्यासाठी."

तिनं उलटा घातला. रेकॉर्डिंग लावलं. मग सरळ घातला. परत उलटा. रस्त्यावर रिक्षावाले एकमेकांवर ओरडत होते, शेजारच्या दुकानात कुणी चार्जर घासाघीस करून मागत होतं. तिनं हेडफोन काढून अलगद काउंटरवर ठेवला.

"घरी कुणालाच कसं कळलं नाही," ती हळूच म्हणाली, जणू त्याला नाही, स्वतःलाच. "बाबा तीस वर्षं एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात टर्बाइनजवळ. त्यांना कमी ऐकू येतं. आमच्या घरात सगळेच ओरडून बोलतात..." मग तिनं मान वर केली. "तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. आत्ताच, म्हणून सुटता आलं असतं.

"महिना झाला."

"महिना?"

"तिसरा पीस उलटा घातला होतात, तेव्हा."

"आणि सांगितलं नाहीत? महिनाभर मला मूर्खासारखं इथं नाचवलंत? कीव आली म्हणून?"

"कीव नाय ओ!" घाबरला की त्याची गावाकडची बोली वर यायची. "सांगितलं असतं तर... तुम्ही परत आल्या नसत्या."

हर्षालीचे डोळे भरले. ती वही उचलून पायऱ्या उतरली.

रविवारी व्हिडिओ आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. भिकन दिवसातून वीसदा चॅनल उघडायचा. कान हा काही हेडफोन नाही, बदलून देता येत नाही. आणि लवकर डॉक्टरला दाखवला असता तर? ह्या महिन्यानं तिचं काही वाईट झालं असेल तर? हा प्रश्न त्याला जेवताना घास गिळू देईना.

तिसऱ्या रविवारी ती दिसली. हातात हेडफोन नव्हता. सरळ कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "माझ्या डाव्या कानाला बारीक आवाज येत नाहीत. नस कमजोर आहे, डॉक्टर म्हणाले दोनएक वर्षं तरी असणार. तेव्हा दोन वर्षांत मी डाव्या बाजूबद्दल जे जे बोलले, ते सगळं परत घेते. बिजागरीबद्दल जे बोलले, त्यावर ठाम आहे."

दोन वर्षं. त्याच्या एका महिन्यानं कान गेला नव्हता. भिकननं पालथ्या हातानं डोळे पुसले आणि मनोजशेठकडे अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली.

एकलहऱ्याच्या वसाहतीत त्यानं विचारत विचारत घर शोधलं, तर दार तिच्या बाबांनी उघडलं.

"कोण पाहिजे?"

"हर्षाली आहेत का?"

"आँ?"

"हर्षाली!"

"कशाला?"

"माफी मागायची होती."

"काय मागायचं? वर्गणी?"

"माफी! मा—फी! मी चुकलो!" भिकन असा ओरडला की समोरच्या बिल्डिंगच्या दोन खिडक्या उघडल्या. बाबांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि आत तोंड करून त्याहून मोठ्यानं म्हणाले, "हर्षे, बाहेर ये गं! कुणीतरी चुकलंय!"

ती ओल्या हातांनी, मोकळ्या केसांनी बाहेर आली. त्याला बघून थबकली. मग चपला घालत म्हणाली, "चला. इथं बोललात तर उद्या पेपरात येईल."

वसाहतीच्या रस्त्याला दुपारची शांतता होती. गुलमोहरांखालून दोघं चालत राहिली, ती मधल्या बाजूनं, तो तिच्या डावीकडे. त्यानं माफी मागितली. नीट, एकही सबब न सांगता. ती "हं" म्हणाली.

आणि मग भिकनला आपण कुठल्या बाजूला चालतोय ते ध्यानात आलं. मनातलं बोलून टाकायची ह्याहून चांगली जागा अख्ख्या जिल्ह्यात नव्हती. समोर बघत, ओठ जेमतेम हलवत तो पुटपुटला,

"तू मला आवडतेस, हर्षाली. पहिल्या दिवसापासून. समोर उभं राहून सांगायची हिंमत नाय माझ्यात... म्हणून ह्या बाजूनं सांगतो."

छातीवरचं ओझं उतरलं. त्यानं सुस्कारा सोडला.

हर्षाली चालता चालता थांबली. तिनं डाव्या बाजूचे केस बोटांनी मागे घेतले... कानामागे शेंगदाण्याएवढं एक करड्या रंगाचं मशीन बसलं होतं.

"मंगळवारी बसवलं," ती म्हणाली.

भिकनचे कान लालबुंद झाले. पळून जावं म्हटलं तर वसाहतीचं फाटक अर्ध्या किलोमीटरवर.

"सगळं... ऐकू आलं?"

"पानं वाजतात तीसुद्धा ऐकू येतात. नळ ठिबकतो तो ऐकू येतो. सगळं एकदम येतं, डोकं भणभणतं." तिनं केस तसेच मागे धरून ठेवले होते. "डॉक्टर म्हणाले, कानाला नव्यानं सवय लावावी लागेल. रोज अर्धा तास, एकाच ओळखीच्या माणसाचा आवाज, शांत जागेत."

"मग? कोण आहे तसं?"

"घरात सगळे ओरडतात, तू बघितलंसच." 'तू' म्हणाली, आणि म्हणता म्हणता तीही लाजली. "हळू बोलणारं माणूस मला आत्ताच सापडलंय."

भिकनला पायाखाली रस्ता आहे की नाही ते कळेना. "किती दिवस... लागतात सवय व्हायला?"

"डॉक्टर म्हणाले, तीन महिने."

ती दोन पावलं पुढे गेली, आणि मागे वळून न बघता त्याच्यासाठी हात मागे केला.

"मी म्हटलं, माझा कान जरा हट्टी आहे. जन्म लागेल."