वासराचे निरोप

"ताई, तुमची एक नळी द्याल? माझं वजन बसत नाहीये!"

लोआननं मान वर केली. प्रयोगशाळेतल्या सेंट्रिफ्यूजपुढे, म्हणजे नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रापुढे, उंच थिएन घामाघूम होऊन उभा होता. त्या यंत्राचा हट्टच तसा. समोरासमोरच्या नळ्या अगदी सारख्या वजनाच्या हव्यात, नाहीतर सत्यानाश!

"तुझं वजन बसवायला मी कशाला रे?"

"दुसरं कुणी जुळतच नाही ना…"

थिएन तिच्याहून दोन वर्षांनी लहान, म्हणून ती ताई. पण ताई ताई करत तो रोज तिच्यासाठी बर्फाची कॉफी आणायचा, आणि ताईकडे बघतात तसं मुळीच बघायचा नाही. लोआनला कळायचं हो सगळं!

आजारी यकृताच्या पेशी शेजारणींना इवल्या इवल्या पुड्या धाडतात आणि त्यांत सावधानतेचा निरोप असतो, हे तिनं दोन वर्षं राबून शोधलं होतं. सोमवारी ते सायगॉनच्या मोठ्या सभेत मांडायचं होतं.

गुरुवारी दुपारी थिएन रिकाम्या हातानं आला. चेहरा पांढराफटक.

"ताई… मी एक आगाऊपणा केला. तुमच्या पेशींचं खाद्य पेशी न घालताच फिरवून बघितलं."

"मग?"

"पुड्या निघाल्या. जवळजवळ तुमच्याइतक्याच."

लोआनच्या पायाखालची जमीनच सरकली. खाद्यात वासराच्या रक्तातलं सीरम असतं आणि त्यातल्या पुड्या आधी काढून टाकायच्या असतात. बाटलीवर 'गाळलेलं' असं वाचून ती निर्धास्त राहिली होती. पण असल्या पुड्या त्या गाळणीतूनही निसटतात!

"म्हणजे दोन वर्षं मी वासराची बडबड ऐकत होते? आणि तुला कुणी सांगितल्या होत्या नसत्या उठाठेवी?" ती कडाडली, आणि तिला रडूच फुटलं.

"एम… रडू नकोस ना."

अगं बाई! एम! हा शब्द धाकटीसाठी, नाहीतर जिच्यावर जीव जडलाय तिच्यासाठी. आणि तिनं उलट त्याला म्हणायचं 'आन्ह'. थोरल्याला म्हणतात ते, आणि साजणालाही.

"काय म्हणालास?"

"ऐकलंस तेच." त्याचे कान लालबुंद झाले होते. "सोमवारी भर सभेत कुणी हे विचारलं असतं तर… मला बघवलं नसतं."

लोआननं डोळे पुसले आणि ती तडक प्राध्यापकबाईंच्या खोलीत गेली. तिथे सगळ्यांची बैठक भरली होती.

"बाई, सोमवारचं माझं भाषण रद्द करा. माझे निकाल चुकलेत. सीरम साफ करून सगळं पहिल्यापासून करीन, वर्ष गेलं तरी चालेल."

बाईंचा आ वासलेलाच राहिला. "चूक पकडली कुणी?"

दाराबाहेर थिएन श्वास रोखून उभा होता.

"आन्ह थिएननं."

कुणाच्या तरी हातातलं पेन खाली पडलं.

"आन्ह?" बाई म्हणाल्या. "अगं, तो तर तुझ्याहून लहान!"

"हो बाई," लोआन म्हणाली, "पण ह्यात चूक नाहीये."