पाद्रीची दोरी

पाद्री हे आमच्या बोक्याचं नाव. सगळा काळाकुट्ट आणि गळ्याशी तेवढी पांढरी पट्टी, म्हणून पाद्री. चर्चमधल्या खऱ्या पाद्रीबाईंना हे नाव आवडत नाही. पण त्यांचा एक लोकरी मोजासुद्धा त्याने पळवलाय, तेव्हा त्यांचा राग नेमका कशाचा आहे ते मला ठाऊक आहे.

बोका चोर होता. मांजरं रात्री काय काय करतात ते मांजर पाळणाऱ्याला सांगायला नको. माणसाच्या छातीवर बसून त्याच्या तोंडाकडे बघत राहतील, नाहीतर अडीच वाजता भूत मागे लागल्यासारखी जिना वरखाली करतील. आमचा पाद्री हे सगळं करून वर गावभर हिंडायचा आणि पहाटे पडवीच्या दाराला त्याच्यासाठी केलेल्या झडपेतून काहीतरी तोंडात धरून आत यायचा. ते माझ्या पांघरुणावर ठेवायचा आणि मी उठेपर्यंत घसा फोडून ओरडायचा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. मी शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढली, पहाटे चारला उठून. निवृत्त झाल्यावर जरा निजावं म्हटलं, तर हा मेला!

आणायचा बहुतेक हातमोजे. आमच्याकडे मिनेसोटात, तळ्याकाठच्या या गावात, नोव्हेंबर ते एप्रिल हातमोज्याशिवाय माणूस दिसत नाही, आणि ते ज्याच्या त्याच्या घरी विणलेले असतात. मनगटाशी नक्षी असते, ती प्रत्येक घराची वेगळी. माझ्या सासरची लाल चौकडी. शेजारच्या सिग्नेच्या घरची निळ्यावर पांढरी त्रिकोणांची रांग. त्यामुळे मोजा कुणाचा हे विचारावं लागत नाही. मी सकाळी उठले की रात्रीचा माल अंगणाच्या कुंपणाला बांधलेल्या दोरीवर चिमट्याने लटकवायची. लोक येताजाता आपापला ओळखून घेऊन जायचे.

"आल्मा, तुझ्या पाद्रीबुवांनी आज किती दान गोळा केलं?" डेल्बर्ट रोज विचारायचा. हा आमच्या बचाव पथकाचा प्रमुख. तळ्यात कुणी सापडलं नाही की दोर आणि गळ घेऊन हाच जातो.

त्या वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सिग्नेचा नवरा हाल्वर बर्फावरच्या गाडीने तळं ओलांडायला निघाला. बर्फ जेमतेम चार बोटं होता. सगळ्यांनी सांगितलं, पण हाल्वरला कोण सांगणार? पलीकडच्या काठाजवळ, इथून चार मैलांवर, गाडीने बर्फात पाडलेलं भोक सापडलं. खाली गाडी सापडली, हाल्वर सापडला नाही. मग थंडी अशी कडाडून पडली की भोक बुजलं, आणि डेल्बर्ट म्हणाला, आता वसंतातच.

सिग्नेने प्रार्थनासभा होऊ दिली नाही. "माणूस घरी आल्याशिवाय कसली सभा?" एवढंच म्हणाली. ती माझी चाळीस वर्षांची मैत्रीण. मी रोज तिच्याकडे जायची, कॉफी करायची. ती खुर्चीत बसून खिडकीतून तळं बघायची, हात मांडीवर. विणायला घे काहीतरी, म्हटलं, तर म्हणायची, "कुणासाठी?" बाई वाळत चालली होती. वसंतापर्यंत ती टिकेल का, हीच मला धास्ती होती.

जानेवारीच्या शेवटी एका पहाटे पाद्री ओरडला. मी डोळे मिटूनच हात फिरवला. मोजा चिंब ओला होता. मी त्याला शिव्या घातल्या, चष्मा न लावता तशीच अंगणात गेले, रोजच्या सवयीने मोजा दोरीवर लावला आणि परत येऊन झोपले. आयुष्यात इतकी मोठी चूक मी दुसरी केली नसेल.

सात वाजता दार वाजलं. सिग्ने रात्रीच्याच कपड्यांत, वर नुसता कोट. मोजा तिच्या दोन्ही हातांत होता, थिजून लाकडासारखा झालेला. निळ्यावर पांढरे त्रिकोण.

"हाल्वरचा आहे," ती म्हणाली. "डावा."

 डेल्बर्टला बोलावलं. त्याने मोजा उलटासुलटा केला, टोपीखाली डोकं खाजवलं. म्हणाला, लोक मासे धरायला बर्फात भोकं पाडतात, त्यातल्या एखाद्यातून वर आला असेल, बोक्याने तिथून उचलला असेल. बरोबर आहे, मी म्हटलं, दुसरं काय असणार. फक्त एक गोष्ट मी बोलले नाही. पहाटे मोज्यातून पाणी गळत होतं, माझं पांघरूण भिजलं होतं. बाहेर शून्याखाली तीस होतं. अर्ध्या मिनिटात ओलं कापड कडक होतं अशी थंडी, आणि झडपेपर्यंत ते पाणी पाणीच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सिग्नेकडे गेले तर ती विणत होती. गालाला रंग आला होता.

"कुणासाठी गं?" मी विचारलं.

"ओला होता ना तो? म्हणजे त्याचे हात गारठले असणार."

"सिग्ने..."

"मला वेड लागलेलं नाही. तू कॉफी कर."

संध्याकाळी तिने नव्या मोज्यांचा जोड माझ्या दोरीवर लावला. सकाळी दोरी रिकामी होती, आणि माझ्या पांघरुणावर हाल्वरचा उजवा मोजा. चिंब.

मग ते सुरूच झालं. दर तीन-चार दिवसांनी ती जोड विणायची, पाद्री रात्री न्यायचा. बदल्यात ओला जोड यायचा. आधी जुने होते. मग तिनेच विणलेले, आठवड्यापूर्वीचे, परत यायला लागले. मी ते शेगडीजवळ वाळवायची आणि तिला द्यायची. ती ते चाचपून बघायची, जेवायची, झोपायची, माझ्या कॉफीला नावं ठेवायची. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. मैत्रीण परत मिळाली होती. बोका कुठे जातो याचा विचार मी करतच नव्हते.

फेब्रुवारीअखेर एका संध्याकाळी पाद्रीला बर्फावर बघितलं. उजेड होता अजून. काठापासून बराच आत तो हळूहळू चालत होता, मान खाली. चार पावलं चालायचा, थांबायचा, कान टवकारून खाली बघायचा, पुन्हा चार पावलं. उंदीर भिंतीच्या आतून पळतो तेव्हा मांजर बाहेरून जसं त्याच्या बरोबरीने चालतं, तसं. आणि त्याच्यामागे वीस हातांवर सिग्ने. तीही मान खाली घालून, तशीच थांबत, तशीच चालत.

मी हाका मारत धावले. गुडघे वाजत होते. तिचा दंड धरला तेव्हा तिने ओठांवर बोट ठेवलं. "आता जवळ आलाय," म्हणाली.

पायाखाली दोन हात जाड बर्फ होता. काळा, स्वच्छ. मी खाली बघितलं नाही. तिला ओढत काठावर आणलं.

मार्च लागला की ओढ्याच्या तोंडाशी बर्फ आतून सडतो. वरून दिसत नाही. बोका जाईल तिथे सिग्ने जाणार, आणि एक दिवस डेल्बर्टला दोर आणि गळ घेऊन तिच्यासाठी जावं लागणार. मी ठरवलं. त्या रात्री झडपेला बिडाचा जाड तवा लावला आणि सिग्नेला थाप मारली, "पाद्रीचा पाय लचकलाय, पडून असतो."

 नवा जोड मात्र तिने त्याच संध्याकाळी दोरीवर लावला होता, तो काढला नाही.

पहिल्या रात्री वाटलं, बोका घर डोक्यावर घेईल. तो ओरडला नाही. पडवीच्या फरशीवर बसला आणि एक कान जमिनीला लावला. तीनच्या सुमाराला मलाही ऐकू आलं.

तळ्याचा बर्फ आवाज करतो. आम्हाला लहानपणापासून सवय आहे. तो लांब हंबरतो, कधी तोफेसारखा फुटतो. हे तसं नव्हतं. कुणीतरी दार ठोठावावं तसे तीन ठोके, मग थांबून पुन्हा तीन. फार लांबून, तळ्याच्या आतून.

दुसऱ्या रात्री जवळून आले. रोज थोडे जवळ. मी दिवसा डेल्बर्टला विचारलं, रात्री काही ऐकू येतं का? "बर्फ सुटायला लागला गं," तो म्हणाला. "तुझं घर अगदी पाण्यावर. कानात बोळे घाल."

मी बोळे घातले. मग काढले. न ऐकणं जास्त वाईट होतं.

दहाव्या रात्री ठोके काठाजवळ होते. अकराव्या रात्री आमच्या धक्क्याजवळ. धक्का म्हणजे लाकडी फळ्या, उन्हाळ्यात होडी बांधायच्या. माझ्या पडवीपासून पंधरा पावलं.

बाराव्या रात्री ते धक्क्याच्या खालून आले.

पाद्री उठला. झडपेपाशी गेला. तव्यावर पंजा ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

तीन ठोके. थांबून तीन.

मी खाली बसले आणि तवा दोन्ही हातांनी दाबून धरला.

तीन ठोके. मग दोन. आता हळू.

मग एक.

मी उजाडेपर्यंत तशीच बसले होते. त्यानंतर कधीही आवाज आला नाही. बोका जाऊन माझ्या पलंगाखाली झोपला, आणि त्या दिवसापासून त्याने कुणाचं काही चोरलं नाही.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात बर्फ गेला. हाल्वर आमच्या धक्क्याखाली सापडला. डेल्बर्टने मला बाजूला घेऊन सांगितलं. प्रवाह उलटा, पलीकडे वाहतो, हे त्यालाही माहीत होतं. "वारा असेल," तो म्हणाला आणि माझ्याकडे न बघता टोपी घातली. मी म्हटलं, हो, वारा असेल. दुसरं काय असणार?

सिग्ने रडली, पण सरळ उभी राहून. माणूस घरी आला होता, सभेची तारीख तिनेच ठरवली. मला वाटलं, सुटलो. मी बरोबर केलं. ती जिवंत आहे, आणि तेवढ्यासाठीच मी कोंडलं त्या बोक्याला.

सभेच्या आदल्या दिवशी डेल्बर्ट हाल्वरच्या वस्तू पिशवीतून घेऊन आला. घड्याळ, किल्ल्या, पट्टा आणि हातात होते ते मोजे. सिग्नेने ते टेबलावर ठेवले. तिनेच फेब्रुवारीत विणलेले. डेल्बर्टला ते कळायचं कारण नव्हतं. तो कॉफी पिऊन गेला.

सिग्नेने मोजे हाताने सरळ केले. पाठीकडून ते नवेकोरे होते, एकूण एक त्रिकोण जागच्या जागी. मग तिने ते उलटले. तळव्याकडे लोकरच नव्हती. बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत झिजून झिजून भगदाडं पडली होती, आणि कडेचे धागे पिंजून गेले होते.

ती बराच वेळ त्या भोकांतून बोटं फिरवत राहिली.

"वरच्या बर्फाला हात लावत लावत आला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, रडणं नव्हतं. हिशेबाला बसलेली बाई बोलते तसं. "चार मैल. हे शेवटचे फाटले आणि मग उघड्या हातांनी त्याला जमलं नाही. अजून एक जोड पुरला असता गं, आल्मा."

तो जोड बारा दिवस माझ्या दोरीवर कोरडा लटकत होता. मी उठले आणि तिच्यासाठी कॉफी ठेवली.