हौदाखालची वाळू

सोरेलच्या मारियेलबाईंचा फोन आला तो मे महिन्यात, झाडांना नुकती पालवी फुटत होती तेव्हा. काम नेहमीचंच. मागच्या अंगणातला पोहण्याचा हौद, जमिनीवर उभा करतात तो गोल पत्र्याचा, गंजून गेला होता. तो काढून नवा बसवायचा, पण भोवतीच्या लाकडी डेकला, त्या फळ्यांच्या उंच ओट्याला, हात लावायचा नाही. सांगणाऱ्याला हे सोपं वाटतं. डेक हौदाच्या गोलाईवर कापलेला असतो, त्याची कड पत्र्यावर आलेली असते. म्हणजे दात उपटायचा आणि हिरडीला कळू द्यायचं नाही. माझा मेव्हणा ब्रुनो माझ्याबरोबर काम करतो. तो म्हणाला, "दाजी, सगळंच पाडा म्हणावं, कटकट मिटेल." मी त्याला गप्प केलं. तो डेक बाईंच्या नवऱ्यानं, आर्मांनं, स्वतःच्या हातांनी बांधला होता, आणि आतला हौद चौदा वर्षांपूर्वी मीच बसवला होता.

बाईंची खरी अट मात्र डेकची नव्हती. ती कळायला आमच्या कामातली एक गोष्ट माहीत हवी. हौदाच्या तळाला आम्ही वाळू पसरतो, थापीनं चोपून सपाट करतो आणि तिच्यावर प्लास्टिकचं अस्तर अंथरतो. त्या वाळूत नुसत्या मोज्यांनी वावरायचं, तेही जपून. एखाद्या पावलाचा ठसा राहिला तर तो कायमचा. पाण्यात उतरणाऱ्याच्या तळव्याला तो वर्षानुवर्षं लागतो आणि गिऱ्हाईक आपल्या नावानं बोटं मोडतं. चौदा वर्षांपूर्वी हा हौद बसवताना मी अस्तर आणायला गाडीकडे गेलो, तेवढ्यात आर्मांनं आपल्या चार वर्षांच्या मुलीला, एलोदीला, डेकवरून उचलून वाळूत मधोमध उभं केलं. पुसू नकोस म्हणाला, गंमत म्हणून राहू दे. मी कुरकुरलो, पण राहू दिलं. पुढच्याच हिवाळ्यात एलोदी तापानं गेली.

तेव्हापासून बाई दर उन्हाळ्यात हौदात उतरत, पण पोहत नसत. छातीभर पाण्यात मधोमध उभ्या राहत, डोळे मिटून, पायाखाली ते दोन खळगे घेऊन. आर्मां डेकवर बसून पेपर वाचल्यासारखं करी. हौदाची जागा बोटभरही सरकू नये म्हणून डेक ठेवायचा होता.

"बाकीची सगळी वाळू बदल, गेतां," त्या मला म्हणाल्या. "पण तेवढी नको. तेवढी गेली तर माझ्याकडे तिचं काही उरत नाही रे."

मी शब्द दिला.

पाणी उपसलं. वरच्या पट्ट्या उतरवल्या, पत्रा तुकड्यातुकड्यांनी कापून बाहेर काढला. दुपारचं लख्ख ऊन होतं, शेजारी कुणीतरी अंगणात सॉसेज भाजत होतं. तरी अस्तर उचललं तेव्हा खालून जो थंड, ओला वास आला त्यानं माझ्या अंगावर काटा उभा राहिला. वाळूला कुबट वास येतो, तो मला पाठ आहे. हा तसा नव्हता. नुकतंच कुणी न्हाऊन गेल्यासारखा होता. ब्रुनो माझ्या पुढे होता, तो जागच्या जागी थांबला.

"दाजी... पोरगी केवढी होती म्हणालात?"

वाळूत मधोमध दोन पावलं होती, शेजारी शेजारी. लांब, निमुळती, टाचा खोल रुतलेल्या. ती लहान पोरीची नव्हती, भरल्या अंगाच्या मुलीची होती.

मारियेलबाई शिडीनं खाली आल्या. मला वाटलं, आता यांना सावरावं लागणार. त्या गुडघ्यांवर बसल्या आणि वीत लावून पाऊल मोजलं.

"यंदा अठराची झाली असती," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या लक्षातच आलं नाही बघ. जवळच्या माणसाला मूल वाढलेलं कुठे दिसतं?"

मग त्या रडल्या. इतकी सुखानं रडणारी बाई मी पाहिली नव्हती, आणि बघवतही नव्हतं. आर्मां डेकच्या कठड्याला धरून उभा होता, तो खाली आला नाही. आम्ही पावलांवर एक घमेलं पालथं घातलं, भोवतीची वाळू नव्यानं चोपली, नवा पत्रा डेकच्या गोलात उलगडून उभा केला. शेवटी घमेलं काढून अस्तर अंथरलं ते मी स्वतः, श्वास रोखून. घरी आल्यावर दोन घोट घेतल्याशिवाय मला जेवण गेलं नाही.

एक जुलैला आमच्याकडे भाड्याचे करार संपतात आणि सगळा मुलूख घरं बदलतो. रस्त्यावर पलंग, फ्रिज, कुंड्या, आणि आईबापांचं घर सोडून निघालेली अठरा-एकोणीसची पोरं. त्या दुपारी आर्मांचा फोन आला. बाई पाण्यात उतरल्या होत्या आणि बाहेर यायला तयार नव्हत्या. मी धावत गेलो तर त्या मधोमध बुड्या मारून दोन्ही हातांनी तळ चाचपत होत्या. मीही कपड्यांसकट उतरलो. तळ सपाट होता, कुठे खळगा म्हणून नाही. मी पुसलं नाही, अशी आईची शपथ घेतली. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे गेली," त्या म्हणाल्या. "या वयात जातातच पोरी. पण सांगून तरी जायचं..."

ऑगस्टमध्ये नदीपलीकडच्या बेर्तिएहून मेलिनाचा फोन आला. तिच्याकडे मी आदल्या वर्षी हौद बसवला होता. तळाला पायांचे ठसे आहेत, वाळूत तुमचं कोण नाचलं, असं म्हणत ती माझ्यावर घसरली. मी विचारलं, गेल्या वर्षी होते का? नव्हते, म्हणाली, आणि मग तिचा आवाज उतरला. ठशांच्या दोन जोड्या होत्या. एक मोठ्या मुलीची, आणि तिला लागून एक अगदी छोटी. मेलिनाची ओरेली चार वर्षांची. हौदात पाणी चार फूट, ओरेली तेवढी उंचही नव्हती. फुगवलेल्या जाकिटाशिवाय तिला कधी पाण्यात सोडत नसत. पण त्या आठवड्यात दोनदा ते जाकीट शिडीवर नीट घडी घातलेलं सापडलं होतं, आणि पोरगी अंगणात, केस निथळत. विचारलं तर म्हणे, ताई हात धरते, ताई खाली उभं राहायला शिकवते.

मी मारियेलबाईंना कळवलं. वाटलं होतं, पत्ता लागला म्हणून त्यांना आनंद होईल. त्यांनी एवढंच विचारलं, "छोटी पावलं केवढी आहेत?" मी सांगितलं. मग म्हणाल्या, फेरीबोट किती वाजता आहे बघ.

मेलिनाच्या घरी पोचलो तेव्हा ऊन होतं, पण हौदातलं पाणी हलत नव्हतं, वर एक पान होतं तेही एका जागी. मेलिना ओरेलीला कडेवर घेऊन पार कुंपणापाशी उभी राहिली. बाई शिडीनं उतरल्या, चाचपत मधोमध गेल्या, आणि त्यांचा चेहरा पाहून मला कळलं की पावलं सापडली. मी काठाशी होतो म्हणूनच मला ऐकू आलं, इतकं हळू त्या बोलल्या.

"किती मोठी झालीस गं... एकटी कंटाळलीस ना?" त्यांचा आवाज फुटला. "पण ती छोटी आहे, राणी. तिची आई तिथे उभी आहे. माझं जे झालं ते तिचं नको करूस... सोड तिचा हात."

पाणी तसंच होतं.

"मीच तुला धरून ठेवलं इतकी वर्षं. आता नाही धरत. जा, बाळा... जा."

त्या हुंदके देत उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं मान हलवून माझ्याकडे पाहिलं आणि पाय थोडा सरकवून दाखवला. छोटे ठसे तिथे राहिले नव्हते. मेलिनाला मी हातानंच खूण केली, ती पोरीला छातीशी घट्ट धरून रडायला लागली.

ओरेलीनं मात्र आईच्या खांद्यावरून मान वळवली. हौदाकडे नाही, थेट मारियेलबाईंकडे पाहिलं. या दोघींची आधी कधी गाठ पडली नव्हती, आणि कुंपणापर्यंत त्या कुजबुजीतला एक शब्दही पोचला नव्हता.

"आजी," ती म्हणाली, "ताई विचारते, कुठे जाऊ?"

बाईंनी सांगायला तोंड उघडलं. त्यांना जागा सुचेना.