बिनमिठाचा पानगा

सव्वीस जानेवारी सोमवारी आली, म्हणून जोडून सुट्टी मिळाली आणि आम्ही सगळे सिहोऱ्याच्या शेतावर मनसोक्त लोळलो. निघायच्या दुपारी आंब्याखाली पानगे लावले. भावजय करुणानं कणीक मळली, भाऊ सुगतनं गोवऱ्या पेटवल्या आणि मी नेहमीप्रमाणे दोघांच्या चुका काढल्या. भंडाऱ्यात माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. चुका शोधणं हाच माझा धंदा.

तरी खरी चूक नजरेतून सुटलीच.

आमच्या बाबांना मीठ वर्ज्य. आई होती तोवर त्यांचा पानगा वेगळा करायची. पळसाच्या पानांत घालण्याआधी ओळखीसाठी मधोमध अंगठा दाबायची. धान कापताना विळ्यानं तिच्या अंगठ्याचं टोक गेलं होतं, त्यामुळे खळगा एका बाजूला बसका यायचा. तिला जाऊन दोन वर्षं झाली. या खेपेला सगळी कणीक मिठाचीच मळली गेली. बाबांनी एक घास चावला आणि ताट बाजूला सारलं. हल्ली ते विसरतात फार, बोलतात कमी. मला वाटलं, भूक नसेल.

जेवण अंगावर आलं. सुगतनं विस्तवावर पाणी ओतलं आणि आम्ही आडवे झालो.

जाग आली तेव्हा बाबांची खाट रिकामी होती.

"बाबा कोठी गेले?" मी विचारलं.

"मले वाटलं, तुह्याजवळ हायेत," सुगत दचकून उठला.

बांधापलीकडे बोडी आहे, धानाला पाणी देणारं छोटं तळं. काठावर त्यांच्या चपला होत्या. सुगत कपड्यांनिशी पाण्यात उतरला. करुणा हाका मारत राहिली. मी देव मानत नाही, पण मनात म्हटलं, माय, सांभाळ त्यांना.

"कायले ओरडून राहिले रे?"

बाबा लाखोरीच्या, म्हणजे लाखेच्या डाळीच्या, शेतातून अनवाणी, सावकाश येत होते. अगदी कोरडे. मी त्यांना मिठी मारून भोकाड पसरलं, मग यथेच्छ झापलं. चिखलानं माखलेला सुगत हसत सुटला. जीव भांड्यात पडला म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

मग त्यांच्या हातातला अर्धा पानगा दिसला.

हात लावला, तर गरम. आमची राख ओली आणि गार होती.

मी कडेचा कण मोडून तोंडात घातला. मीठ नव्हतं.

मोडलेल्या बाजूला खळगा होता. एका अंगाला बसका.

"कोणं देल्ला, बाबा?"

"तुही माय, अजून कोण? बोडीच्या पल्याड चूल मांडली हाय तिनं."

"पोट भरलं का?"

"अर्धाच देल्ला. बाकीचा झाकून ठेवते म्हणे. थंडा व्हायच्या पयले या म्हणे."

मी बाबांना भंडाऱ्याला माझ्या घरी आणलं, दाराला आतून कुलूप घातलं. तो तुकडा फ्रीजमध्ये ठेवला. हा गार झाला की तिकडचा अर्धाही गार, म्हणजे वेळ टळली, एवढा साधा हिशेब.

सकाळी बाबा घोरत होते. त्यांच्या घोरण्याचा इतका आनंद मला कधीच झाला नव्हता. चहाला दूध काढायला मी फ्रीज उघडला.

पानगा गरम होता.